कंसाबाहेरचा आकडा

सरावली (बोईसर)
१८ नोव्हेंबर २०२४

चि. तेजल,

पत्र दवाखान्याच्या पत्त्यावर टाकते आहे, रागावू नकोस. घरी फोन केला की तुझ्या आई, इंदुताई, उचलतात आणि "ती आंघोळीला गेलीय" म्हणतात. दिवसातून किती वेळा आंघोळ करतेस गं? दवाखान्यात नावं लिहायच्या टेबलावर तूच बसतेस, तिथे पत्र तुझ्याच हातात पडेल. पाकिटावर तुझ्या नावाआधी काय लिहावं यावर माझी सकाळ गेली. 'सौ.' लिहिता येत नाही आणि 'श्रीमती' माझ्याच्याने लिहवत नाही. नुसतं नाव लिहिलं.

कारण सांगते. प्रणवचं कपाट आवरायला घेतलं. वर्ष उलटलं, आता आवरायलाच हवं होतं. खालच्या खणात ती आमसुली लोकर निघाली, तू रूपलसाठी घेतलेली, आणि तिच्याबरोबर तो छापील कागद. लहान मुलीचं स्वेटर, पुढून उघडं, बटणांचं. तुम्हा दोघांचं ठरलं होतं की ते मी विणायचं. मग प्रणव मोटारसायकलवरून गेला तो गेला, आणि गेल्या डिसेंबरात तू रूपलला घेऊन पालघरला माहेरी गेलीस. लोकर इथेच राहिली. तिला कसर लागलेली नाही. मी विणायला घेतलं.

मी जन्मभर क्रोशा केला तो तोरणांचा, रुमालांचा, ताटावरच्या झाकणांचा. तोरणाला चौकटीचं माप लागतं आणि चौकट कुठे जात नाही. अंगात घालायचं असं मी कधी काही केलेलं नाही. कागद इंग्रजी आहे. शेजारच्या भावनाने पेन्सिलीने वर अर्थ लिहून दिले, साखळी, मुका खांब, खांब. ते मला येतंच. अडलं ते आकड्यांपाशी. अक्षरं मी प्रणवच्या पहिलीच्या पुस्तकातून शिकले, तो शिकला तेव्हाच. आकडे मात्र मला आधीपासून येत होते आणि त्यांनी मला कधी फसवलं नव्हतं.

इथे लिहिलंय ६७ साखळ्या घाला, आणि लगेच पुढे कंसात ७३, ७९, ८३, ८७. मी म्हटलं, सगळ्याच घालायच्या असतील. घातल्या. साखळी उंबरठा ओलांडून ओट्यावर गेली. जिवली भाजीची पाटी घेऊन आली होती, ती म्हणते, "काकी, यो पोरीचा झगा हाय का बैलाचा कासरा?" मी उसवली.

तू शिकलेली आहेस. मला सांग, यातला रूपलचा आकडा कुठला? आणि नसेल कळत तर मी रविवारी टेप घेऊन येते. आपल्यामध्ये एकच तर स्टेशन आहे.

आशीर्वाद आहेतच.
आई


पालघर
२७ नोव्हेंबर २०२४

ती. आईंना नमस्कार.

पत्र टेबलावरच वाचलं. कासऱ्यापाशी आले आणि पेशंटसमोर हसू फुटलं. नंतर आत जाऊन तोंड धुऊन आले.

आई, तो एक कागद म्हणजे पाच स्वेटर आहेत. जागा वाचावी म्हणून पाचही एकात लिहिली आहेत. कंसाबाहेरचा पहिला आकडा सगळ्यात लहान मुलाचा, दोन वर्षांच्या. मग कंस उघडतो. त्यातला पहिला आकडा चार वर्षांचा, पुढचा सहाचा, मग आठ, मग दहा. हा क्रम कागदाच्या शेवटापर्यंत बदलत नाही. समजा आपलं माप दुसऱ्या जागी आहे, तर साखळ्या असोत की बाहीची लांबी, प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या जागेवरचाच आकडा घ्यायचा. विणायच्या आधी कागदभर आपल्या आकड्याला पेन्सिलीने गोल करून टाका. बाकीचे चार आकडे तुमच्यासाठी लिहिलेलेच नाहीत असं समजा. आणि जिथे कंस नाही, एकटाच आकडा आहे, तो सगळ्यांना सारखा.

वय बघून ठरवू नका, छाती बघून ठरवायचं असतं. एका वयाची दोन मुलं एका मापाची नसतात.

रविवारी नका येऊ. घरी पाहुणे यायचे आहेत. माप मी पाठवते.

रूपल बरी आहे. मोठ्या शिशुत गेली.

तुमची,
तेजल


सरावली
५ डिसेंबर २०२४

चि. तेजल,

उलगडलं. इतकं सोपं होतं आणि मी पाचही पोरांना एकाच साखळीत ओवत होते. आता कागदाकडे बघितलं की पाच मुली एकामागे एक उभ्या दिसतात, एकीपेक्षा एक उंच. शाळेत प्रार्थनेला उभं करतात तशा. त्यातली आपली कुठली तेवढं कळायचं राहिलं. गोल करायला पेन्सिल घेऊन बसले, तर माप कुठे दिलंस?

पाहुणे कोण होते ते मी विचारते. तुला आवडणार नाही, तरी विचारते. मला फिरवून बोलता येत नाही. तुला बघायला आले होते का?

आले असतील तर मला चालेल. प्रणवचे बाबा गेले तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. माझ्याकडे कुणी पाहुणे आले नाहीत. आमच्यात तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसतं. कुणी विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं हे मला आजही सांगता येत नाही. तुला कुणी विचारत असेल तर माझ्याकडे बघून नाही म्हणू नकोस. माझ्याकडे बघण्यासारखं काय आहे? पहाटे उठते, कंपनीतल्या लोकांचे डबे करते. "चाची, सब्जी में नमक कम है" म्हणतात, मी मीठ वाढवते. घरात दुसरा आवाज नाही. हे कुणी बघून शिकावं असं जगणं नाही.

मला एकच हवं आहे आणि ते मी उघड सांगते. रूपलने मला विसरू नये. पोरीच्या अंगात माझ्या हाताने एकदा हे स्वेटर घालायचं आहे, म्हणजे तिला आठवायला काहीतरी राहील. माप पाठव.

आई


पालघर
२१ डिसेंबर २०२४

ती. आईंना नमस्कार.

पत्राला उशीर झाला. दोनदा लिहिलं आणि फाडलं.

हो, बघायला आले होते. त्यांचं नाव धीरज. मूळचे इकडचेच, माकुणसारचे, पण नोकरी बडोद्याला. पहिली बायको बाळंतपणात गेली, मूल राहिलं नाही. बोलायला शांत आहेत. रूपलशी खाली बसून बोलतात. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात नोंदणी करायची आणि लगेच बडोद्याला जायचं ठरलं आहे.

पुढचं लिहायला जड जातं. तिकडे सोसायटीत, त्यांच्या कंपनीत कुणाला आधीचं काही सांगायचं नाही अशी अट त्यांच्या आईंनी घातली आहे. रूपलने धीरजना बाबा म्हणायचं. तिला दोन्हीकडचं सांगून गोंधळवायचं नाही. माझी आईही त्यांच्याच बाजूची आहे. मी भांडले नाही, आई. मला भांडायची ताकद राहिलेली नाही. ती लहान आहे तोवर मागचं पुसून जाईल, असं सगळे म्हणतात.

स्वेटर झालं की या. मी माझ्या आईला सांगून ठेवते. जानेवारीतल्या कुठल्याही रविवारी या, स्वतः घाला तिला. त्यानंतरचं मी आज लिहीत नाही.

माप मी स्वतः टेप लावून घेतलं आहे. छाती पंचवीस इंच. बाही अकरा.

एक लक्षात ठेवा. कागदावर मापाच्या दोन ओळी आहेत. वरची ओळ अंगाची, २१ आणि कंसात २३, २५, २६॥, २८. खालची ओळ तयार स्वेटरची, २४ आणि कंसात २६, २८, २९॥, ३१. खालची मोठी आहे, कारण आत फ्रॉक असतो, हात हलवायचा असतो, तेवढा सैलपणा त्यांनीच धरलेला आहे. आपण अंगाची ओळ बघायची.

तुमची,
तेजल


सरावली
२ जानेवारी २०२५

चि. तेजल,

चांगला माणूस असेल तर चांगलं झालं. हे मी मनापासून लिहिते आहे, पुन्हा पुन्हा वाचून खोटं शोधू नकोस.

बाकीच्या गोष्टीवर मी काही म्हणणार नाही. पुसून जाईल म्हणतात ते खरंच आहे. पाच वर्षांच्या पोराचं सगळं पुसून जातं. प्रणव सात वर्षांचा असताना त्याचे बाबा गेले, आणि दहाव्या वर्षी तो मला विचारायचा, बाबांचा आवाज कसा होता गं? सात वर्षांच्याचं हे, तर पाचाची काय कथा.

आता मापाचं. पंचवीस वाचलं आणि मला हसू आलं. तेजल, मी तुझी सासू आहे. आपल्याकडे पोराचं खरं माप कुणी कधी शिंप्याला दिलं आहे का? वाढत्या अंगाचं म्हणून सांगायचं, दोन इंच वर धरायचे, बाही दुमडून घालायची. प्रणवचा चौथीतला गणवेश सातवीत त्याला नीट बसला, तोवर फाटला होता. मीच ते सगळं केलं आणि तू माझ्याच घरात शिकलीस. तेव्हा तुझे दोन मी काढून टाकले. पंचवीस वजा दोन, तेवीस.

आणि वर त्या कागदवाल्यांनी आणखी तीन इंच सैल धरलेत ते आहेतच. तू दोन धरायचे, त्यांनी तीन धरायचे, म्हणजे पोरीच्या अंगावर स्वेटर नाही, गोधडी होईल. म्हणून मी तुझी वरची ओळ सोडली आणि तयार मापाची ओळ धरली. तेवीसला जवळचा चोवीस. तो कंसाबाहेरचा, पहिला. ६७ साखळ्या. त्यावर दोन वर्षं लिहिलंय, पण तूच म्हणालीस वयावर जाऊ नका. परदेशातली पोरं अंगाने थोराड असतात, आपली रूपल काडी आहे. कडेवर घेतली की तिच्या बरगड्या माझ्या तळव्याला लागायच्या, एकेक मोजता यायची. ते माप माझ्या हाताला आहे.

दुसऱ्या आयांनी वाढीव करावं. त्यांना पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी पोराला त्यात बघायचं असतं. मला हे एकदाच बघायचं आहे. मला ते त्या दिवशी नेमकं बसायला हवं.

पाठ आणि पुढचे दोन्ही भाग झाले. बाह्या राहिल्या आहेत. एकोणीस तारखेच्या रविवारी येते.

आई


सरावली
२१ जानेवारी २०२५

चि. तेजल,

तू घरी नव्हतीस. मी लिहिलं होतं, तरी नव्हतीस. मुद्दाम असशील तर मला समजतं, नसशील तरी आता काही फरक पडत नाही. काय झालं ते तुला इंदुताईंनी सांगितलं असेल. माझ्याकडूनही ऐक.

दार इंदुताईंनीच उघडलं. "अगो बाय, विहीणबाई! न सांगता?"

मी म्हटलं, "तेजलला कळवलं होतं."

"ती बडोद्याला गेलीय, घर बघायला. तुमी बसा, चहा टाकते. पन पोरीला काय आडवंतिडवं सांगू नका हां. आमी समजावून समजावून आता कुठं ती इचारायची बंद झालीय."

"काय विचारायची?"

"बापाचं. आनि तुमचं."

त्या आत गेल्या. मी बसून राहिले. ती माझं विचारत होती, एवढंच मला ऐकू आलं होतं. बंद झाली हे चहा येईपर्यंत समजलं नाही.

मग रूपल आली आणि इंदुताईंच्या पदरामागे उभी राहिली. मी तिला ओळखलं ते तुझ्या कपाळावरून. पाय केवढे लांब झाले आहेत गं तिचे. पुढचा एक दात नाही.

"दात कुठे गेला?" मी विचारलं.

"पडला. आजीने कौलावर टाकला." आजी म्हणताना तिने इंदुताईंकडे बघितलं. मग माझ्याकडे बोट करून, "ही कोण?"

"ह्या सरावलीच्या. तुला स्वेटर आनलाय बग. जा."

आली. शहाणी आहे, कुणी शिकवलं तसं वागते. मी एक हात घातला, दुसरा घातला. बाही कोपराच्या जरा खाली येऊन थांबली. पुढचे दोन भाग ओढून बघितले. बटण आणि काज यांच्यात माझी तीन बोटं मावत होती. मी आणखी ओढलं तर ती म्हणाली, "लागतंय."

इंदुताई हसायला लागल्या. वाईट हसल्या नाहीत, खरंच हसू आलं त्यांना. "अवो विहीणबाई, तुमच्या डोक्यात पोर अजून झोळीतच हाय! घोडी झालीय ती आता."

रूपल म्हणाली, "हे बाळाचं आहे. मी मोठ्या शिशुत आहे."

मी ते काढलं. पिशवीतून टेप काढली, तिला म्हटलं, हात वर कर. पंचवीस. टेप सोडली आणि पुन्हा लावली. पंचवीस. तू काहीच वाढवलं नव्हतंस. तू पोरीचं खरं माप दिलंस आणि मी त्यातून दोन इंच काढून घेतले, कारण ते दोन इंच ती माझ्याशिवाय वाढली होती आणि माझा त्यावर विश्वास बसला नाही.

कागद चुकला नाही. तू चुकली नाहीस. प्रत्येक आकडा जिथे असायला हवा तिथे होता.

मी स्वेटर घडी करत होते तर ती जवळ येऊन बसली. "हे कुठल्या बाळाचं आहे?"

"होतं एक. सरावलीला."

"आता कुठे आहे?"

"मोठं झालं."

"मग त्याला दुसरं कर ना," म्हणाली, आणि खेळायला गेली.

चहा प्यायले. पुन्हा येते म्हटलं नाही, इंदुताईही या म्हणाल्या नाहीत. स्वेटर परत आणलं आहे.

आई


पालघर
३ फेब्रुवारी २०२५

ती. आईंना नमस्कार.

मी रजेवर होते. तुमचं दोन तारखेचं पत्र दवाखान्याच्या टेबलाच्या खणात पडून होतं, ते मला वीस तारखेला मिळालं. तुम्ही रविवारी येणार हे मला ठाऊकच नव्हतं. पत्र वाचलं आणि तिथल्या तिथे कागद घेऊन लिहायला बसले, की आई, पहिला आकडा धरू नका, तिसरा धरा, मी वाढवलेलं नाही. मग पत्रावर तारीख टाकताना लक्षात आलं की एकोणीस होऊन गेली.

मी मुद्दाम गेले नव्हते. पण खरं सांगायचं तर, माहीत असतं तरी मी घरी थांबले असते की नाही, मला सांगता येत नाही.

मी वाढीव माप का दिलं नाही ते तुम्ही विचारलं नाहीत. मलाही तुमच्यासारखंच वाटलं होतं. एकदा तरी नीट बसावं.

रूपल दोन दिवस त्या बाळाचं विचारत होती. सरावली कुठे आहे, आपण बाळाला बघायला जाऊ या का. माझी आई तिच्यावर ओरडली. तिसऱ्या दिवशी विचारलं नाही.

परवा नोंदणी आहे. शनिवारी निघतो. बडोद्याचा पत्ता मी लिहीत नाही, आई. तुम्ही मागणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून आणखीच वाईट वाटतं. तिकडे पत्र आलं तर धीरजच्या आईंच्या हातात पडेल. मीच कधीतरी लिहीन.

एक सुचवते. ते उसवा आणि सगळ्यात शेवटच्या आकड्याचं करा. दहा वर्षांच्या मुलीचं. करून कपाटात ठेवा. ती दहाची झाली की मी तिला सगळं सांगेन, तिच्या बाबांचं, तुमचं, आणि ती स्वतः ते घ्यायला येईल. असं मी आज म्हणते आहे. तोवर माझं मन कसं होईल, मला कोण काय करू देईल, हे मला माहीत नाही. पण आज मी खरंच म्हणते आहे.

पाया पडते.
तेजल


सरावली
१८ फेब्रुवारी २०२५

चि. तेजल,

हे पत्र मी दवाखान्यावरच टाकते आहे. तू आता तिथे नाहीस. तुझ्या टेबलावर दुसरी कुणी बसत असेल. ती पुढे पाठवेल, खणात टाकेल की फाडेल, मला कळायचा मार्ग नाही. बडोद्याहून कुणी मला विचारलं तर मी तुला ओळखत नाही म्हणेन, इतपत तू माझ्यावर विसंबून राहा.

स्वेटर उसवलं. विणलेली लोकर उसवली की सरळ होत नाही, कुरळी राहते, आधी काय होतं ते तिच्या अंगात असतं. कोमट पाण्यातून काढली, खाली लाटणं बांधून दोरीवर वाळत घातली. जिवली म्हणाली, "काकी, चांगलं केलेलं कशाला मोडलास?" मी म्हटलं, लहान झालं. "मग कोनाच्या तरी बारक्या पोराला द्यायचा." तिचं बरोबर होतं. तिच्या नातवाला झालंही असतं. पण ते मला करवलं नाही, आणि का करवलं नाही ते तिला सांगता आलं नाही.

दहाचं मी करणार नाही. तू चांगल्या मनाने सुचवलंस, मी त्यावर बरेच दिवस विचार केला. पण शेवटच्या जागेवरची ती मुलगी माझ्या ओळखीची नाही. ती कशी चालते, केस कापते की वाढवते, खांदे तुझ्यासारखे उतरते आहेत की प्रणवसारखे रुंद, मला काही ठाऊक नाही. अशा मुलीचं विणायला घेतलं की प्रत्येक ओळीला मी स्वतःला सांगत बसेन, येईल, येईल. तुला मी हे लिहायला नको होतं कदाचित. पण मी अशी वाट बघितलेली आहे, बाई. प्रणवच्या बाबांची कारखान्याच्या फाटकापाशी बघितली, प्रणवची इस्पितळाच्या बाकावर बघितली. पुन्हा नाही बघवणार.

मी तिसरा आकडा धरला. ७९ साखळ्या. कागदभर नवे गोल केले. वरची ओळ पंचवीस, खालची अठ्ठावीस, तू सांगितलंस तसं. काही कमी केलं नाही, काही वाढवलं नाही. विणताना बघते तर किती मोठं वाटतं ते. मग टेपचं आठवतं.

लोकर पुरणार नाही. मोठ्या मापाला जास्त लागते हे तेव्हा सुचलं नाही. बोईसरच्या बाजारात आमसुली विचारली, तो दुकानदार म्हणाला, हा रंग येत नाही आता. बाह्यांना दुसरा लावीन. होईल तोवर थंडी गेलेली असेल, आणि पुढच्या थंडीला ती पंचवीसची राहिलेली नसेल. म्हणजे हेही कुणाच्या अंगात जायचं नाही. हे मला नीट कळतं. वेडी झालेली नाही. डबे भरून झाले की हात मोकळे होतात आणि मोकळे हात मला सहन होत नाहीत, म्हणून विणते.

तुझ्याकडे एक मागायचं आहे. फोटो नको. तिचा आवाज नको, तिने मला आजी म्हणायला नको. तिला काही सांगूही नकोस. वर्षातून एकदा, कधी तिला फ्रॉक शिवायला टाकशील तेव्हा, टेप लागेल तो आकडा पोस्टकार्डावर लिहून पाठव. तुझं नाव लिहू नकोस, गाव लिहू नकोस, कुणाच्या हाती पडलं तरी कुणाला काही कळायचं नाही. मला तेवढ्यावर कळेल की ती आहे आणि वाढते आहे.

खरा असेल तोच आकडा पाठव. मी त्यातून काही वजा करणार नाही.

दमयंती